घायपातच आहे ते

"हे घायपात या आठवड्यात मुळापासून काढायचं," मगदूमकाका म्हणाले, आणि पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मगदूमकाका म्हणजे आमचे सेक्रेटरी. मिरजेतली आमची पारिजात सोसायटी तीन मजली आहे आणि तिच्यात पारिजात एकही नाही. जे होतं ते हे : तळमजल्यावरच्या हेरवाडेकाकूंच्या खिडकीखाली, माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं, बुंध्यातून पाच-सहा फांद्या फुटलेलं एक दांडगं झुडूप. प्रत्येक फांदीच्या टोकाला करड्या-हिरव्या, कडेने काटे असलेल्या पानांचा एकेक झुबका. त्याच्यावर आरोप असे होते, की त्याने पोरांचे दोन बॉल फोडले, दुसऱ्या मजल्यावरच्या सुप्रियावहिनींची ओढणी फाडली आणि त्याच्यामुळे सोसायटीत भांडणं होतात.

"काटेरी झाड दारात नसावंच," सुप्रियावहिनी म्हणाल्या. "आमच्या घरात रोज कटकट आहे."

"तुमच्या घरातली कटकट झाड यायच्या आधीपासूनची आहे हो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

हेरवाडेकाकू उठल्या. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या. काउंटरवर बसून बसून आवाज असा झालेला, की मोजकंच बोलायचं आणि पुढच्याला बोलवायचं. खांद्यावर कायम एक ओला पंचा, कारण हेरवाडेकाका वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते.

"घायपातच आहे ते," काकू म्हणाल्या. "काटे आहेत, मान्य. पण डिसेंबर संपेपर्यंत राहू द्या. जानेवारीत मी स्वतः माणूस लावून काढून टाकते."

"डिसेंबरात काय आहे?"

"आहे काहीतरी. एवढं ऐका माझं."

मगदूमकाका डोकं खाजवत विचार करायला लागले. मला आता वाटतं, ते 'बरं' म्हणणार होते. पण तेवढ्यात मी उभी राहिले.

मी तेव्हा आठवीत होते. त्याच्या आधी मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजून द्यायची, बाई दोनदा विचारायच्या, "आवटी आली आहे का?" आणि मग नुकतंच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. काय झालं कुणास ठाऊक, नळाचा वॉशर गेल्यासारखी मी बोलायलाच लागले. दूधवाल्याशी बोलायची, रिक्षावाल्याशी बोलायची, आरशाशी तर बोलायचीच. त्यात आमच्या कुंभोजकरबाईंनी शाळेच्या निसर्ग मंडळाला एका नर्सरीत नेलं होतं आणि घायपात कसं ओळखायचं, कोरफड कशी ओळखायची, ते हातात पानं देऊन शिकवलं होतं. माझ्या डोक्यात ते सगळं ताजं होतं, आणि समोर अख्खी सोसायटी खुर्च्यांवर बसलेली होती.

"ते घायपात नाहीच!" मी म्हणाले.

"मुक्ता, बस खाली," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, लहान आहे म्हणून म्हणतात. मी थेट झुडपाकडे गेले.

"घायपाताला असा बुंधा नसतो, अशा फांद्या फुटत नाहीत. ते जमिनीलगत बसतं, आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. काकू, हे दरवर्षी फुलतं की नाही?"

काकू नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मान इतकी थोडी हलवली, की ते 'हो' आहे की 'नको', मला कळलं नाही. मी ते 'हो' धरलं.

"आणि आता हे बघा!" मी एक पान धरलं आणि कट्कन मोडलं. "घायपाताचं पान असं मोडत नाही, आत दोरे असतात, दोरखंडाचे. हे बघा, दोरे आहेत? गर आहे! पिवळा रस आहे! ही कोरफड आहे. झुडपासारखी वाढणारी कोरफड. आपण जिला दाराला बांधतो, केसांना लावतो, तिच्याच कुळातली. आणि तुम्ही तिला मुळासकट उपटणार?"

शेवटचं वाक्य मी स्पर्धेत म्हटलं होतं तसं, थांबून, हात पुढे करून म्हटलं. टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मगदूमकाका उठून आले, पानाचा वास घेतला, बोटाला गर लावून बघितला आणि म्हणाले, "अरे, कोरफड म्हटल्यावर तोडायची कशाला? ही तर सोसायटीची संपत्ती झाली!"

मी काकूंकडे बघितलं. त्या घरात गेल्या होत्या. त्यांना भरून आलं असणार, असं मी आईला जिन्यात सांगितलं.

आमच्याकडे कढीपत्ता आणि कोरफड कुणाला मागून न्यायची पद्धत नाही. कुणाच्या का कुंडीत असेना, जाता जाता हात घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले, तर सुप्रियावहिनी चाकू घेऊन झुडपापाशी उभ्या.

"काय गं वक्तेबाई, केसांना किती पानं लागतील?"

"तुमच्या केसांना दोन पुरेत," मी म्हणाले. "पिवळा रस आधी गळू द्या हं, खाज सुटते."

मला काय मजा आली होती! लोक मला थांबवून विचारायचे. भाजलं तर चालते का, चेहऱ्याला किती वेळ ठेवायची. मला काही माहीत नसायचं तेही मी सांगायची.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाची अमावास्या, आणि दारावर बांधायला प्रत्येकाला कोरफड हवी. एरवी बाजारातून आणतात, मुळासकट. ती उलटी टांगायची, पाणी नाही, माती नाही, तरी महिनोन् महिने हिरवी राहते, घराची दृष्ट स्वतःवर घेते म्हणतात. या वर्षी बाजारात कोण जाणार? मगदूमकाकांनी जिन्याखालची कात्री आणली.

"पानं तोडून काय बांधणार?" मी म्हणाले. "टोकाचा अख्खा झुबका घ्या, बुंध्यासकट वीतभर. नंतर लावायचा असला तरी तोच लावता येतो. काप सावलीत सुकू द्यायचा, त्याच्यावर खपली धरली की मुरमाड मातीत खोचायचा आणि पाणी घालायचंच नाही. ओला लावला तर सडतो."

कुंभोजकरबाईंनी शिकवलेलं मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. लोकांनी झुबके कापले. एक आईनेही आणला. मीच स्टुलावर चढून तो आमच्या दाराला बांधला, लाल दोऱ्याने, मुळाची बाजू वर.

एकदा काकू खिडकीत आल्या होत्या. गजाला धरून म्हणाल्या, "खिडकीसमोरचे तेवढे राहू द्या हो."

"एकच घेतो काकू," कुणीतरी म्हणालं. प्रत्येकानेच एकच घेतला होता.

डिसेंबर लागला. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि मी विषय अर्थातच घेतला होता, 'आपल्या सोसायटीतील दुर्लक्षित वनस्पती'. मला झुडूप कसं आणलं, कसं वाढवलं, ते काकूंकडून हवं होतं. मी बेल वाजवली. त्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा गेले. काका आजारी आहेत, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं, आणि एवढं माहीत असणं सगळ्यांना पुरत होतं.

बाहेरच्या खोलीतच काकांची कॉट होती. ती भिंतीला लावलेली नव्हती, खोलीच्या मध्येच तिरकी ठेवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होईल अशी. काका उशांना टेकून खिडकीकडे तोंड करून बसले होते. एक हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याने ते चादरीची कड चाळवत होते. मी "काका, मी मुक्ता" म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

"काकू, तुमची कोरफड कुठून आणलीत?"

"पाचगणीहून. माझ्या नणंदेनं फांदी दिली होती." काकू काकांच्या ओठाच्या कडेवरून पंचा फिरवत होत्या. "न्हाणीच्या खिडकीत ठेवली होती, काप सुकेपर्यंत. मग मुरूम घालून लावली. शेण नाही, पाणी नाही. तुझ्या बाईंनी सांगितलं तसंच."

मी लिहून घेत होते. लिहिता लिहिता थांबले.

"म्हणजे ती कोरफड आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग तुम्ही घायपात का म्हणालात?"

काकूंनी खिडकीकडे बोट केलं. मी कॉटच्या मागे जाऊन काकांना दिसतं तिथून पाहिलं. बाहेर पाच-सहा ठोकळे उभे होते. कापलेल्या जागी वाळलेली, करडी खपली. खाली दोन-चार लोंबणारी, अर्धवट चिरलेली पानं.

"घायपात म्हणून पाच वर्षं नीट वाढली," काकू म्हणाल्या. "कोरफड म्हटलं असतं तर पहिल्याच वर्षी भाजीसारखी संपली असती. ज्याला काटे आहेत आणि उपयोग नाही, त्याला कुणी हात लावत नाही."

तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी चमकलं. निळा-काळा, अंगठ्याएवढा पक्षी, वाकडी चोच. एका ठोकळ्यावर बसला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, दुसऱ्यावर बसला, आणि उडून गेला.

काकांचा हात चादरीवर थांबला होता. पक्षी गेल्यावर पुन्हा चाळवायला लागला.

"शिंजीर," काकू म्हणाल्या. "डिसेंबरात हिला शेंदरी तुरे यायचे, मशालीसारखे, आठ-दहा. हे पाखरू दिवसभर त्यात. यांना झटका आला तो गेल्या वर्षी गणपतीत. त्यानंतर तोंडातून अक्षर नाही. आणि डिसेंबरात एक दिवस मी चहा गाळत होते, तर मागून आवाज आला, 'आला.' मी गाळणं टाकून पळत आले. पाखराकडे बघत होते. मला म्हणाले, 'आला.' मग रोज. तुरे होते तोवर रोज. तुरे वाळले, पाखरू यायचं थांबलं, हेही थांबले."

मी वही मिटली होती.

"बोलायची थेरपी द्यायला येतात त्या बाई म्हणाल्या, हेच धरून ठेवा, एका शब्दाला दुसरा शब्द येतो. म्हणून वाट बघत होतो यंदाची."

"पण काकू, तुम्ही मीटिंगमध्ये हे सांगायचं ना! कुणीच..."

"काय सांगायचं होतं?" काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस एक शब्द बोलतो, आणि तोही पाखराशी? पार्किंगमध्ये, दहा माणसांत? मग सगळे म्हणाले असते, अरेरे. बघायला आले असते, बोला काका बोला म्हणाले असते. मला ते अरेरे नको होतं, मुक्ता. आणि तूही वर जाऊन हे सांगायचं नाहीस. कुणालाच. शप्पथ घे."

मी घेतली. मला वाटलं, आता त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डब्यातून ओल्या नारळाची वडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खा. तुझं भाषण मात्र चांगलं झालं हो त्या दिवशी. ठासून बोललीस."

त्या चेष्टेने म्हणत नव्हत्या. ती वडी मी जिन्यात बसून खाल्ली. टाकणार तरी कशी?

वर आले, तर आमच्याच दारावर तो झुबका उलटा लटकत होता, हिरवागार. सहज वर बघितलं, आणि पुन्हा बघितलं. पानांच्या मधून बोटाएवढा एक कोंब बाहेर पडून वळला होता, वर, आभाळाकडे. म्हणजे तुरा त्याच्या आत आधीच होता. कापायच्या आधीपासून होता.

मी दारंच दारं बघत सुटले. तिसऱ्या मजल्यावर मगदूमकाकांकडे एक कोंब. सुप्रियावहिनींकडेही एक, बारीकसा. बाकीचे नुसते हिरवे.

पण मागायचे कसे? दारावरची कोरफड उतरवायची नसते. आणि का मागते, हे सांगायचं नव्हतं. माझ्याकडे सगळ्या जगातलं सगळ्यात चांगलं कारण होतं, आणि ते मी वापरू शकत नव्हते.

रविवारी सकाळी मी मगदूमकाकांची बेल वाजवली. ते बनियनवर पेपर वाचत होते.

"काका, तुमच्या दारावरची कोरफड मला द्या."

"का गं? प्रदर्शनाला? उतरवत नसतात ती. अमावास्येची बांधलेली."

"ती कोरफड नाही," मी म्हणाले.

"काय?"

"माझं चुकलं. मी बाईंना विचारलं. घायपातच आहे ते."

"अगं, तू तर पान मोडून दाखवलंस! गर होता, रस होता."

"गर दोन्हीत असतो. मला नीट माहीत नव्हतं. मी उगाच बोलले."

काकांनी पेपर खाली ठेवला. आतून मगदूमकाकू आल्या, पाठोपाठ त्यांची सून. समोरचं दार उघडलं. आमच्या जिन्यात आवाज फार पसरतो.

"म्हणजे महिनाभर आम्ही दारात घायपात टांगलंय?" सून म्हणाली.

"अहो, उतरवा आधी ते!" मगदूमकाकू म्हणाल्या.

खालून सुप्रियावहिनी डोक्याला टॉवेल गुंडाळून वर आल्या. "घायपात? आणि मी महिनाभर केसांना चोपडतेय? तरीच मुठीमुठीनं गळतायत!"

"नाही, म्हणजे केसांना काही होत नाही..." मी सुरू केलं, आणि थांबले. "हो वहिनी. सॉरी."

"बक्षिसं काय देतात हल्ली पोरांना," मगदूमकाका स्टूल शोधत म्हणाले. "नुसतं तोंड चालवायला शिकवतात. चार बुकं वाचली की लागले मोठ्यांना शिकवायला. घायपात ते घायपात!" आणि झुबका माझ्या हातात देताना, "घे गं, घायपात." सगळे हसले. तेव्हापासून जिन्यात माझं तेच नाव पडलं.

मी सगळ्या दारांवर गेले. प्रत्येक दारात तेच म्हणाले. पहिल्या दोन दारांत आवाज फुटत नव्हता, 'आवटी आली आहे का' वाल्या मुक्तासारखा. शेवटी आमच्या दारात आले. आई कणीक मळत होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"अगं, पण त्या दिवशी तर मी स्वतः बघितलं, दोरे नव्हते त्यात."

मी हातातले झुबके सावरले. खाली बघत राहिले. आईने माझ्या हातातल्या ओझ्याकडे बघितलं, तळमजल्याच्या दिशेने बघितलं, मग कणकेचा हात धुतला, स्टूल घेतलं आणि लाल दोरा दाताने तोडला.

"सांभाळून ने," ती म्हणाली. "कोंब मोडेल."

काकूंनी दार उघडलं. त्यांनीही ऐकलं असणार, जिनाच तसा. त्यांनी सुतळी आणली. लावायला वेळ नव्हता, मुळं धरायला महिने गेले असते. म्हणून आम्ही दोघींनी ते झुबके खिडकीच्या गजांना बाहेरून बांधले, दारावर बांधतात तसेच, उलटे. काका बघत होते.

तुरा एकच पूर्ण उमलला, आमच्या दारावरचा. बाकीचे वाळले. तोही बुटका, वाकडा, पण शेंदरी. शाळेत जाताना मी रोज खिडकीपाशी थांबायची. नाताळच्या सुट्टीत एका सकाळी शिंजीर आला. गजाला धरून उलटा लोंबकळला आणि त्याने चोच घातली. आत काकू काकांच्या उशाशी उभ्या होत्या, मी बाहेर. कुणी हललं नाही. काकांनी मान पुढे केली. ओठ उघडले, तसेच राहिले. पाखरू गेलं. काका बराच वेळ रिकाम्या गजाकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडातून काहीही आलं नाही.

"असू दे," काकू आतून म्हणाल्या. काकांना की मला, कळलं नाही.

जानेवारीत मगदूमकाकांना झाड काढायची आठवण राहिली नाही. कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं ना ते. पावसाळ्यात ठोकळ्यांच्या कडेने कोंब फुटले, एकाच्या जागी दोन-दोन, तीन-तीन. त्या डिसेंबरात तुरे आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या डिसेंबरात चार आले, आणि एका दुपारी काकूंनी खिडकीतून मला हाक मारली. "मुक्ता, म्हणाले गं! आत्ता म्हणाले!" मी तिथेच सायकल टाकून नाचले. मग घरी गेले, आणि मधली दोन वर्षं मोजायची नाहीत असं ठरवलं, तरी मोजली.

आता मी अकरावीत आहे. भाषणं अजून करते, बक्षिसंही मिळतात, बोलणं काही कमी झालेलं नाही. यंदा झुडूप पुन्हा माझ्या डोक्याच्या वर गेलंय. परवा पहिल्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या वहिनी त्याच्यापुढे मोबाइल धरून उभ्या होत्या.

"अगं, हे काय झाड आहे? माझं अ‍ॅप सांगतंय कोरफड आहे. एक झुबका नेऊ का दाराला?"

"अ‍ॅप चुकतात हो," मी म्हणाले. खणखणीत, स्पर्धेतल्या आवाजात. "घायपातच आहे ते. हात नका लावू, फार टोचतं."

"हो का? शी!" म्हणत त्या दोन पावलं मागे सरकल्या.

माझ्या पाठीमागे, खिडकीतून एक आवाज आला. काका हसले की खोकले, मला माहीत नाही. मी वळून पाहिलं नाही. ती दोन वर्षं मोजल्यापासून त्या खिडकीकडे तोंड करून उभं राहायला मला जमत नाही.